आखाजीच्या गाण्यांना कोणतं बाइंडिंग करू?

भाऊ, नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, अमळनेर तालुक्यातली. आई, दोन मावश्या आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या बायांकडून मी बरीच वर्षं अहिराणी गाणी उतरवून घेतली. आखाजीची म्हणजे अक्षय्य तृतीयेची, खानदेशातल्या कानबाई देवीची, लग्नातली आणि जात्यावरच्या ओव्या. भाच्याने ती टाइप केली, ए-फोरवर 172 पृष्ठं भरली. शिवाय आठ पृष्ठं फोटोंची टाकायची आहेत, आर्ट पेपरवर. येत्या आखाजीला मुली माहेरी येतील तेव्हा 60 प्रती वाटायच्या असं मनात आहे. त्यांनी त्या वाचून नाही, गाऊन संपवाव्यात. भाचा म्हणतो, ‘स्पायरल करी टाक, चालस.’ प्रेसवाला म्हणतो, परफेक्ट बाइंडिंग करा, पुस्तकासारखं दिसेल. आमचे हे म्हणतात, करायचं तर हार्ड बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं; आणि आईची मूळ वही लॅमिनेट करून टाकू. सुनेचा पीएच.डी.चा प्रबंधही यंदाच बांधायचा आहे, तो त्याच दुकानात देऊ का? कोणाचं ऐकू?

— एक वाचक, अमळनेर तालुका

ताई, नमस्कार.

तिघांचंही ऐका, पण आधी तिघांना एकच प्रश्न विचारा. हे पुस्तक उघडलं जाईल तेव्हा ते कुठे असेल? भाच्याच्या डोळ्यांसमोर ऑफिसचा रिपोर्ट आहे, प्रेसवाल्याच्या समोर दुकानात मांडलेली कादंबरी, आणि तुमच्या ह्यांच्या समोर काचेचं कपाट. गाणी यातल्या कुठेच गायली जात नाहीत. आखाजीची गाणी झोक्यावर म्हणायची, भर उन्हाळ्यात, एक हात दोरीला. कानबाईची श्रावणात, हवा दमट, घरात रोटांची गडबड आणि हाताला पीठ. लग्नातली गाणी तर हळदीच्या हातांनीच उलटली जाणार. म्हणजे हे पुस्तक एका हातात मावलं पाहिजे, उघडलं की उघडं राहिलं पाहिजे, एप्रिल-मेचं ऊन आणि श्रावणातली ओल दोन्ही सोसलं पाहिजे. दिसायला कसं, हे त्यानंतर.

दुसरी गोष्ट प्रेसवाले सहसा आपणहून सांगत नाहीत. बाइंडिंग छापायच्या आधी ठरवायचं असतं. समास किती सोडायचा, पानं कोणत्या क्रमाने छापायची, कागद कोणता घ्यायचा, हे सगळं त्यावर अवलंबून आहे. गठ्ठा छापून काखेत मारला आणि मग बाइंडरकडे गेलं, की निम्मे रस्ते बंद झालेले असतात. तुमचं अजून फाइलीतच आहे असं पत्रावरून वाटतं. तसंच असू द्या, घाई करू नका.

आधी भाच्याच्या स्पायरलबद्दल. मी त्याला नाक मुरडणार नाही. गाण्याच्या पुस्तकाला लागणारा सगळ्यात मोठा गुण त्याच्यात आहे. ते पूर्ण मागे दुमडता येतं, एका हातात धरता येतं आणि खाली ठेवलं तर सपाट पडून राहतं. स्वस्त आहे, तालुक्याच्या कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात दहा मिनिटांत होतं, कडं तुटलं तर नवं घालता येतं. पण तुमची 172 पृष्ठं दोन्ही बाजूंनी छापली तर 86 कागद होतात. 75 जीएसएमचा (चौरस मीटरला 75 ग्रॅम वजनाचा) कागद जवळपास एक दशांश मिलिमीटर जाड असतो, म्हणजे गठ्ठा नऊ मिलिमीटरच्या आसपास. त्याला 12 किंवा 14 मिलिमीटरचं कडं हवं. दुकानदाराकडे तो नंबर संपलेला असला की तो बारकं कडं कोंबून देतो, मग पान उलटताना अडतं आणि भोकांपासून कडेपर्यंतची ती बारीक पट्टी फाटत जाते. साठ प्रती एकावर एक ठेवल्या की कडी एकमेकांत अडकतात. पिशवीत दाबलं की कडं चपटं होतं. आणि कणाच नसल्यामुळे फळीवर उभं केलं तर नाव दिसत नाही.

आपल्याकडच्या उन्हात एक जादा त्रास आहे. स्पायरलच्या वर जो पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद लावतात, तो मऊ पीव्हीसीचा असला तर लेझर छपाईचा टोनर त्याला चिकटतो. टोनर म्हणजे बारीक प्लॅस्टिकचीच भुकटी, गरम करून कागदावर बसवलेली. उन्हाळाभर ट्रंकेत पडलेलं पुस्तक उघडावं तर शीर्षकाची अर्धी अक्षरं त्या प्लॅस्टिकवर गेलेली. स्पायरल कराल तेव्हा प्लॅस्टिक आणि पहिलं छापील पान यांच्यामध्ये एक कोरा कागद टाकायला सांगा, एवढ्याने ते टळतं.

भाच्याचं मन मोडू नका. तपासणीच्या प्रतीला त्याचंच स्पायरल करा. ए-फोरवर, एकाच बाजूला छापून, डावीकडची बाजू पूर्ण कोरी ठेवून. ती प्रत मावश्यांकडे फिरू द्या. त्या वाचणार नाहीत, कोणीतरी वाचून दाखवेल आणि त्या मध्येच म्हणतील की हे कडवं असं नाही. ती दुरुस्ती लिहायला कोरी बाजू लागते.

वायरो म्हणून एक प्रकार असतो, कॅलेंडर-डायरीला दुहेरी तार असते तो. स्पायरलमध्ये समोरासमोरची पानं किंचित वर-खाली सरकतात, वायरोत ती एका रेषेत राहतात आणि पुस्तक देखणं दिसतं. पण त्या तारेवर कोणी बसलं की ती वाकते, फट पडते आणि पानं एकेक करून निसटतात. आखाजीला घरभर पोरं असतात. नकोच.

आता प्रेसवाल्याचं परफेक्ट बाइंडिंग. यात सुट्या पानांचा गठ्ठा करून कण्याकडची बाजू मशीनवर खरवडतात, तिथे गरम गोंद लावतात आणि वर जाड कव्हर दाबून बसवतात. हा गोंद बहुधा ईव्हीए जातीचा हॉट मेल्ट असतो. साधारण 160 ते 180 अंशांवर पातळ करून लावायचा, थंड झाला की घट्ट. दुकानात मिळणारी बहुतेक पेपरबॅक पुस्तकं अशीच असतात, आणि एकदा वाचून ठेवायच्या पुस्तकाला ते चांगलंही आहे. तुमच्या पुस्तकाचं तसं नाही. हे बाइंडिंग सपाट उघडत नाही. दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागतं, सोडलं की मिटतं. मग गाणारी बाई काय करते? पुस्तक पालथं घालते किंवा कणा मोडेपर्यंत उलटा दाबते. कणा तडकला की त्या जागचं पान सुटतं, त्याच्या शेजारचं सैल होतं, आणि एकदा गळायला लागली की पानं थांबत नाहीत.

वर आपलं हवामान. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जाणं नवीन नाही. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत, काचेमागे, याहून पुष्कळ जास्त तापतं. तिथे पुस्तक राहिलं तर हा गोंद मऊ पडतो आणि कणा वाकडा होऊन बसतो. पीयूआर नावाचा दुसरा गोंद आहे, तो एकदा पक्का झाला की पुन्हा मऊ पडत नाही आणि पानही जास्त घट्ट धरतो. पण त्याला वेगळं मशीन लागतं, ते मोठ्या शहरांतल्या प्रेसकडे असतं. साठ प्रतींसाठी तिथवर जाण्यात अर्थ नाही.

तरीही एखादी नमुना प्रत करून बघायची असेल तर तिची परीक्षा अशी घ्या. बरोबर मधोमध उघडा, एक पान चिमटीत धरा आणि हळू पण न थांबता ओढा. पान गोंदातून अलगद निघून आलं तर बाइंडिंग कच्चं. गोंद न सुटता कागदच फाटला तर पक्कं. नमुना फाडायला प्रेसवाला नाही म्हणाला, तर उत्तर मिळालंच.

तुमच्या आठ फोटो-पृष्ठांची अडचणही इथेच येते. आर्ट पेपरला वरून चकचकीत लेप असतो. ईव्हीए गोंद त्या लेपाला धरतो, खालच्या तंतूंना धरत नाही, म्हणून परफेक्ट बाइंडिंगमध्ये फोटोंची पानं सगळ्यात आधी सुटतात. ज्या म्हाताऱ्यांचे फोटो जपायचे, नेमके तेच हरवायचे!

आता तुमच्या ह्यांचं हार्ड बाइंडिंग. वरचा पुठ्ठा आणि सोनेरी अक्षरं बघून भुलायचं नाही. दुकानात विचारायचं की आत काय केलंय. जिथे एका दिवसात हार्ड बाइंडिंग करून मिळतं, तिथे बहुधा सुट्या ए-फोर कागदांना कडेला भोकं पाडून दोऱ्याने किंवा तारेने आवळलेलं असतं आणि वर रेक्झिनचा पुठ्ठा चढवलेला असतो. मजबूत असतं, शंकाच नाही. पण कण्याकडची दीड-दोन सेंटिमीटर जागा आवळण्यात जाते. समास तेवढा सोडला नसेल तर ओळींची सुरुवात आत गडप होते, आणि सोडला तरी ते पुस्तक उघडं राहत नाही. वजन बघा. 86 ए-फोर कागदांचं नुसतं वजन चारशे ग्रॅम भरतं, त्यात दोन पुठ्ठे. झोक्यावर ते कोण धरेल?

खरं हार्ड बाइंडिंग वेगळं, ते मी तुम्हाला पाच प्रतींसाठी सुचवणार आहे. पण आधी वाटायच्या प्रतींचं ठरवू.

माझं मत असं : एक जाड पुस्तक करूच नका. चार पातळ पुस्तिका करा. आखाजी, कानबाई, लग्न आणि ओव्या, प्रत्येकीची वेगळी, ए-फाइव्ह आकाराची, मधोमध पिन मारलेली. म्हणजे प्रेसच्या भाषेत सेंटर पिन.

हिशोब करून बघा. गाण्याची ओळ चार-पाच शब्दांची. ए-फोरवर उजवी अर्धी बाजू तुम्ही कोरीच छापणार आहात. तोच टाइप, तेवढंच अक्षर ए-फाइव्हवर घेतलं तर रुंदी पुरते, फक्त ओळी थोड्या कमी बसतात. 172 ची साधारण 240 पृष्ठं होतील. पण ए-फाइव्हची चार पृष्ठं एका ए-फोर कागदावर बसतात, म्हणजे पूर्ण संचाला 60 कागद. तुमच्या आताच्या आराखड्यात एका प्रतीला 86 लागत होते. साठ प्रतींना 5,160 कागदांऐवजी 3,600, दहा रिमांहून जास्तऐवजी सव्वासात रिमं. छपाईचे पैसे बाजूंवर मोजतात, तेही त्याच प्रमाणात कमी. ऑफसेटच्या नादी लागू नका, साठ प्रतींना प्लेटचा खर्च निघत नाही. डिजिटल किंवा लेझर छपाईच करा. इंकजेट मात्र नको, त्याची रंगीत शाई ओल्या बोटाने पसरते.

240 पृष्ठांच्या चार वाटण्या केल्या तर सरासरी 60 पृष्ठांची एक पुस्तिका, 15 कागद आणि वर कव्हर. सेंटर पिनला हे माप अगदी सोयीचं आहे. 72 पर्यंत गेलं तरी चालेल, 80 च्या पुढे मात्र पुस्तिका मिटत नाही, तोंड वासून राहते. गाणी काही सारखी वाटली जाणार नाहीत. लग्नाची जास्त भरतील, ओव्या कमी. हरकत नाही, फक्त प्रत्येक पुस्तिकेची पृष्ठसंख्या चारने भागली गेली पाहिजे. 58 आली तर दोन कोरी सोडा. कोरी पानं वाया जात नाहीत, नवीन गाणं आठवलं की तिथेच उतरवता येतं.

वाटणीचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. कानबाईच्या रात्री लग्नाची गाणी कशाला हातात हवीत? त्या वेळची तेवढी पुस्तिका बाहेर काढायची. एकीच्या हातात एक, दुसरीच्या हातात दुसरी. एक हरवली किंवा पिठात पडली तर तेवढीच पुन्हा छापायची. आणि गाण्यासाठी पातळ वेगळी वही ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. पदं-अभंग गाणारे लोक बाड बाळगायचे. लांबट अरुंद पानं, एका टोकाला शिवलेली, वरच्या अंगाला उलटायची. धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात, म्हणजे तिथल्या हस्तलिखितांच्या संग्रहात, अशी जुनी बाडं जपून ठेवली आहेत. धुळ्याला गेलात तर बघून या, बाइंडिंगचं दुकान बघण्याआधी.

सेंटर पिन करताना काही गोष्टी सांभाळायच्या. कागद दुमडून एकात एक घातले की आतले कागद बाहेरच्यांपेक्षा थोडे पुढे येतात. कटिंग मशीनवर ती कड सरळ कापतात. म्हणून बाहेरचा समास दीड सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवू नका, नाहीतर मधल्या पानांचे पृष्ठक्रमांक कटिंगमध्ये जातील. ए-फोर कॉपियर कागदाचे तंतू बहुतेक वेळा लांबीच्या दिशेने असतात आणि आपली घडी त्यांना आडवी पडते, त्यामुळे पुस्तिका सुरुवातीला थोडी फुगते. सांद्यावरून पट्टी दाबून फिरवायची आणि एक रात्र वजनाखाली ठेवायची, बसते. कव्हर 250 ते 300 जीएसएमचं पुरे. बाहेरून लॅमिनेशन करा म्हणतील. एकाच बाजूला लॅमिनेशन केलेलं कव्हर पावसाळ्यात गोल होतं, कारण उघडी बाजू ओल पिते आणि झाकलेली पीत नाही. साधं जाड कार्ड घ्या, हळद लागली तर लागली.

पिना गंजतात. दोन पावसाळ्यांनंतर सांद्यावर तपकिरी डाग दिसायला लागतात. प्रेसमधल्या शिलाई मशीनची तार जस्ताचा मुलामा दिलेली असेल तर बराच काळ टिकते. ‘तार गंजणारी नाही ना?’ एवढं विचारून घ्या. किंवा पिना मारूच नका, दोऱ्याने शिवा. हे काम घरी होतं आणि गोधडी टाकणाऱ्या बाईला तर शिकवावंही लागत नाही. घडीवर तीन भोकं पाडायची, एक मधोमध, बाकीची दोन वर-खाली सारख्या अंतरावर. जाड सुती दोऱ्याला मेण लावायचं, लांबी पुस्तिकेच्या उंचीच्या तिप्पट. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढायची, शेपूट आत सोडायचं. वरच्या भोकातून आत यायचं. आतल्या बाजूने मधलं भोक टाळून थेट खालच्या भोकाकडे जायचं, तिथून बाहेर पडायचं आणि पुन्हा मधल्या भोकातून आत. आता दोऱ्याची दोन्ही टोकं आत आली. मधला लांब टाका त्या दोन टोकांच्या मध्ये येईल असं बघून गाठ मारायची, झालं. साठ संच म्हणजे 240 पुस्तिका, सगळ्या घरी शिवत बसा असं मी म्हणणार नाही. पण भाच्या, सुना आणि एक मोकळी दुपार असेल तर काही होतील, बाकीच्यांना पिना.

फोटोंचाही प्रश्न यात सुटतो. आठ ए-फाइव्ह पृष्ठं म्हणजे आर्ट पेपरचे दोन ए-फोर कागद. ते दुमडून पुस्तिकेच्या बरोबर मध्ये घालायचे. पिन किंवा दोरा त्यांच्या घडीतून जातो, गोंदाचा संबंधच नाही, पान सुटायचं कारण नाही. हवं तर एक कागद आखाजीच्या पुस्तिकेत आणि एक ओव्यांच्या. चकचकीतऐवजी मॅट घ्या, बोटांचे ठसे कमी दिसतात. फोटोखाली नाव आणि गाव छापा. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही.

आता त्या पाच प्रती. या चारही भाग एकत्र असलेल्या, शिवलेल्या, कापडी पुठ्ठ्याच्या. 240 पृष्ठांचे 16-16 पृष्ठांचे 15 फर्मे, म्हणजे दुमडून एकात एक घातलेल्या कागदांचे जुडगे, होतात; एका फर्म्यात चार ए-फोर कागद. प्रत्येक फर्मा मधोमध दोऱ्याने शिवायचा, एकमेकांना जोडत जायचं, कण्यावर जाळीचं कापड आणि पांढरा गोंद, मग अस्तराचे कागद आणि पुठ्ठा. असं पुस्तक सपाट उघडतं आणि दोन पिढ्या सहज टिकतं. पण त्यासाठी पानं तशीच छापावी लागतात. फाइल पीडीएफ असेल तर छापताना ‘बुकलेट’ हा पर्याय निवडायचा आणि 1 ते 16, मग 17 ते 32, असे तुकडे पाडून छापायचे. सगळी 240 एकदम बुकलेटमध्ये छापली तर साठ कागदांचा एकच फर्मा होईल आणि बाइंडर तुमच्याकडे बघत राहील. या पाच प्रतींसाठी मोठ्या शीटमधून कापलेला कागद मागा, असा की त्याचे तंतू कण्याच्या दिशेने जातील. मग पान उलटताना ताठ राहत नाही, आपलं आपण पडतं.

असं शिवून देणारा माणूस शोधावा लागेल. झेरॉक्सच्या दुकानात विचारू नका. दिवाळीला व्यापाऱ्यांच्या लाल कापडी वह्या, खतावण्या, रोजमेळ जे बांधून देत, त्यांना विचारा. जळगावच्या सराफ्यात, धुळ्याच्या जुन्या बाजारात अशा वह्यांना मोठी मागणी असायची. हिशोब संगणकावर गेले तसं ते काम आटलं. पण ज्याने ती कामं केली त्याच्या हाताला फर्मे शिवायची सवय असते. एक अट घाला : पिठाची खळ वापरायची नाही. खळीवर कसर येते. म्हणूनच जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे, आणि ते विष आहे. पांढरा गोंद असला की दोन्हीची भानगड नाही. काम घ्यायला गेलात की कुठलाही फर्मा मधोमध उघडा. घडीत दोरा दिसला पाहिजे. नाही दिसला तर ते शिवलेलं नाही, कोणी काहीही सांगो.

पाचातली एक प्रत धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाला द्या, एक जळगावच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला. तुमच्या ह्यांना सोनेरी अक्षरं हवी आहेत ना, या पाच प्रतींवर करू द्या. कापडावर ती शोभतातही.

आईच्या वहीबद्दल मात्र मी हात जोडून सांगतो, लॅमिनेट करू नका. लॅमिनेशन म्हणजे उष्णता देऊन प्लॅस्टिक आणि गोंद कागदाला कायमचे चिकटवणं. ते पुन्हा काढता येत नाही, कागद घेऊनच निघतं. शिवाय वही लॅमिनेट करायची म्हणजे आधी तिची शिवण उसवून पानं सुटी करायची. सेलोटेपही नको, काही वर्षांत तो पिवळा पडतो आणि डाग आतपर्यंत जातो. वहीची पानं आहेत तशीच स्कॅन करा, 300 डीपीआयवर. स्कॅनर दाबून वही मोडणार असेल तर खिडकीच्या उजेडात, वही सपाट ठेवून, फोनने वरून सरळ फोटो काढा. गंजलेली टाचणी असेल तर हळूच काढून टाका. मग खळ नसलेल्या, धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून आडवी ठेवा. भिंतीला टेकवून नाही, जमिनीवर नाही. कडुनिंबाचा पाला ठेवायचा झाला तर कापडाच्या बाहेर. पानांत ठेवला तर डाग पडतात.

सुनेच्या प्रबंधाला यातलं काहीच लागू नाही. तिथे तिची किंवा माझी आवड चालत नाही, विद्यापीठाचं परिपत्रक चालतं. पुठ्ठ्याचा रंग, कण्यावर काय छापायचं, किती प्रती, हे त्यात बघून घ्यायचं आणि ग्रंथालयात नुकताच जमा झालेला एखादा प्रबंध डोळ्यांखालून घालायचा. डावा समास पहिल्या पानापासून दीड इंच ठेवायला सांगा. आणि मार्गदर्शकांना विचारल्याशिवाय सोनेरी अक्षरांपर्यंत जाऊ नका. मौखिकीनंतर दुरुस्त्या निघाल्या तर पुठ्ठा फाडावा लागतो. प्रबंध त्या एका दिवसाच्या दुकानात खुशाल द्या. त्या कामात ते तरबेज असतात.

वेळेचं बघा. होळीच्या पुढे प्रेसवाले लग्नपत्रिकांत अडकतात आणि झेरॉक्सवाले मुलांच्या प्रोजेक्टमध्ये. होळीच्या आत काम हातात द्या. आधी कोऱ्या कागदांची एक डमी पुस्तिका घडी घालून, पिन मारून घ्या, त्यावर पेन्सिलने पृष्ठक्रमांक टाका आणि तीच प्रेसवाल्यासमोर ठेवा. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं. मग एकच छापील संच मागा, तो पूर्ण उलटून बघा, तेव्हाच उरलेल्यांना हो म्हणा.

भाच्याला एवढं सांगा की दुकानात वर्डची फाइल न्यायची नाही, पीडीएफ न्यायची, फॉन्ट आत बसवलेला. दुकानाच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की अक्षरं बदलतात, ओळी घसरतात आणि चारने जुळवलेली पृष्ठं सगळी फिसकटतात. अहिराणीत आणखी एक खोच आहे. ‘ऱ्हायना’, ‘ऱ्हास’ यातला ‘ऱ्ह’ काही फॉन्टमध्ये फुटतो आणि तिथे भलतंच अक्षर छापून येतं. पहिला संच हातात आला की आधी तेवढे शब्द शोधून बघा.